गावाच्या धुराची वही

 

आज एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. हल्ली पंचायतीच्या प्रशिक्षणात, सरकारी पत्रकात, टीव्हीच्या बातम्यांत तो सारखा कानावर पडतो. तो शब्द म्हणजे 'नेट झिरो'. मराठीत त्याला 'निव्वळ शून्य' म्हणतात. आम्ही समन्वयक गावोगावच्या गटांत जातो तेव्हा बायका विचारतात, "ताई, हे शून्य म्हणजे नेमकं काय? आणि ते आपल्या ग्रामपंचायतीनं कसं करायचं?"

हा शब्द ऐकायला शहरी, पुस्तकी वाटतो. पण त्याच्या आत जे आहे ते आपण दर महिन्याला करतो. ते म्हणजे जमाखर्च.

शून्य म्हणजे काय?

कोळसा, डिझेल, पेट्रोल, गॅस जाळला की कर्बवायू हवेत जातो. शेणाचा, ओल्या कचऱ्याचा ढीग हवा न लागता कुजत राहिला की त्यातून मिथेन वायू निघतो. शेतात युरिया जास्त पडला की त्यातूनही एक वायू सुटतो. हे वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखे बसतात आणि उष्णता धरून ठेवतात. सगळे वायू सारखे नसतात. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर किलोभर मिथेन किलोभर कर्बवायूपेक्षा २५ पटींहून जास्त तापवतो. हा झाला हवेतला खर्च.

दुसरीकडे झाडं, गवत आणि माती कर्बवायू ओढून घेतात. ही झाली जमा.

गाव जेवढे वायू हवेत सोडतं तेवढेच परत ओढून घेत असेल, तर हिशोब बरोबरीत येतो. यालाच निव्वळ शून्य म्हणायचं. त्यासाठी चूल पेटवायचीच नाही किंवा गाडी चालवायचीच नाही असं नाही. आधी खर्च जमेल तेवढा कमी करायचा आणि जो उरेल तेवढी जमा वाढवायची, हा त्याचा अर्थ. क्रम मात्र हाच ठेवायचा. खर्च तसाच ठेवून नुसती झाडं लावत सुटलं तर ते एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरं कर्ज काढण्यासारखं होतं.

भारतानं २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७० पर्यंत देश निव्वळ शून्यावर आणण्याचं जाहीर केलं. मुंबई महापालिकेनं मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा काढला आणि २०५० हे साल ठरवलं. आपल्या राज्यात २ ऑक्टोबर २०२० पासून 'माझी वसुंधरा' अभियान चालू आहे. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पाच तत्त्वांवर ग्रामपंचायतींना आणि शहरांना त्यात गुण मिळतात. तेव्हा हा विषय आपल्या गावाच्या कार्यालयापर्यंत पोचलेला आहे.

आपल्या चुलीनं जग तापलं का?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि यायलाच हवा. उत्तर सरळ आहे. नाही. जग तापलं ते मुख्यतः कोळशावरच्या वीजकेंद्रांनी, कारखान्यांनी, वाहनांनी, आणि त्यातही श्रीमंत देशांनी दीडशे-दोनशे वर्षं जाळलेल्या इंधनानं. चुलीच्या धुराचा पहिला त्रास होतो तो चुलीपुढे बसणारीच्या डोळ्यांना आणि छातीला. तो धूर कमी व्हायलाच हवा, पण आपल्या तब्येतीसाठी. जगाचा दोष आपल्या माथी घ्यायचं कारण नाही.

मग आपण यात का पडायचं?

एक तर सोसायचं आपल्यालाच आहे. मार्चमध्ये गारपीट होते, काढणीच्या वेळी पाऊस येतो, विहीर फेब्रुवारीत तळ गाठते. त्याचा फटका शेताला बसतो आणि दोन महिन्यांनी तोच फटका गटाच्या वहीत दिसतो. हप्ते थकतात. कोणाचे थकले, का थकले, हे गटाच्या सचिवाला तोंडपाठ असतं.

दुसरं, यात गावाचा पैसा वाचतो. तो कसा, ते पुढे आकड्यांनिशी बघू.

आणि तिसरं कारण आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हा शब्द गावात येतो तेव्हा एकटा येत नाही. त्याच्याबरोबर निधी येतो, ठेका येतो आणि जमिनीचा प्रश्नही येतो. पथदिवे कोण बसवणार, सौर प्रकल्पाला कोणती जमीन द्यायची, झाडं कोण लावणार आणि पाणी कोण घालणार, हे सगळं ठरतं. ते ठरताना आपण खोलीत नसलो तर पाणी घालायचं काम आपल्याकडे येतं आणि ठेका दुसरीकडे जातो. म्हणून हा हिशोब बायकांना समजला पाहिजे.

पंचायतीच्या हातात काय काय आहे?

महामार्गावरून जाणारे ट्रक किंवा चंद्रपूरचं वीजकेंद्र ग्रामपंचायतीला थांबवता येणार नाही. पण बरंच काही तिच्या हातात आहे. त्याचे तीन भाग करू.

पहिला भाग म्हणजे पंचायत स्वतः जे वापरते ते. पथदिवे, पाणीपुरवठ्याचा पंप, कार्यालय, शाळा, अंगणवाडी आणि कचऱ्याची घंटागाडी. याचं बिल पंचायत भरते, त्यामुळे निर्णयही तिचाच.

दुसरा भाग म्हणजे पंचायतीची जबाबदारी. गावाचा कचरा, सांडपाणी, गायरान, रस्त्याकडेची आणि सार्वजनिक जागेतली झाडं. इथे पंचायत ठराव करू शकते, काम काढू शकते.

तिसरा भाग म्हणजे घरोघरचं आणि शेतातलं. चूल, मोटारसायकल, डिझेल इंजिन, युरिया, पाचट. इथे पंचायत जबरदस्ती करू शकत नाही. पण माहिती देऊ शकते, योजनेचा अर्ज भरून घेऊ शकते आणि ग्रामसभेत सगळ्यांच्या संमतीनं नियम करू शकते. उसाचं पाचट घ्या. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. एक काडी लावली की ते अर्ध्या तासात जातं आणि त्याबरोबर मातीचं खतही जातं. तेच सरीत कुट्टी करून कुजवलं तर जमिनीला परत मिळतं. असा बदल एकट्या शेतकऱ्यापेक्षा गावानं मिळून ठरवला तर टिकतो, कारण शेजारच्या फडातली आग बांध बघत नाही.

सुरुवात कुठून करायची? पहिल्या भागापासून. जिथे पंचायतीला कोणाला विचारावं लागत नाही, तिथून.

वही उघडू या

हिशोब करायला तीन आकडे लक्षात ठेवा.

वीज: आपल्याकडची बरीचशी वीज कोळशापासून होते. त्यामुळे एक युनिट वापरलं की साधारण ७०० ग्रॅम कर्बवायू हवेत जातो. धूर आपल्याला दिसत नाही, कारण तो चंद्रपूर, कोराडी, परळीच्या धुराड्यातून निघतो.

डिझेल: एक लिटर जाळलं की सुमारे २.७ किलो कर्बवायू. तुम्ही म्हणाल, लिटरभर डिझेल किलोभरसुद्धा भरत नाही, मग त्यातून पावणेतीन किलो कसा निघेल? डिझेलमधला कर्ब जळताना हवेतला प्राणवायू स्वतःला जोडून घेतो, म्हणून वजन वाढतं.

झाड: चांगलं वाढलेलं झाड वर्षाला साधारण २० किलो कर्बवायू ओढतं असं धरतात. जात, पाणी आणि वय यांप्रमाणे हा आकडा कमीजास्त होतो. पण ढोबळ हिशोबाला चालतो.

आता उदाहरणासाठी एक गाव धरू. गावात ६० पथदिवे आहेत. जुने सोडियमचे दिवे ७० वॅटचे. त्यांच्या जागी २० वॅटचे एलईडी बसवले. एका दिव्यामागे ५० वॅट वाचले. ६० दिव्यांचे झाले ३,००० वॅट, म्हणजे तासाला ३ युनिट. रात्रीचे ११ तास धरले तर रोज ३३ युनिट. वर्षाला १२ हजार युनिट वाचले. कर्बवायू वाचला सुमारे ८,४०० किलो, म्हणजे ८.४ टन.

आता हे झाडांत मोजा. ८,४०० भागिले २० केलं तर उत्तर येतं ४२०. म्हणजे नुसते दिवे बदलून ४२० वाढलेल्या झाडांचं काम झालं. आणि ४२० झाडं वाढवायला किती वर्षं लागतात, किती हंडे पाणी लागतं, ते आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणूनच म्हटलं, आधी खर्च कमी करायचा.

आता पाण्याचा पंप. १० अश्वशक्तीची मोटार तासाला साधारण साडेसात युनिट खाते. समजा ती रोज सहा तास चालते. त्यातलं दोन तासांचं पाणी गळक्या पाइपात, तोटी नसलेल्या नळात आणि भरून वाहणाऱ्या टाकीत जातं. म्हणजे रोजची १५ युनिट वाया. वर्षाला साडेपाच हजार युनिट आणि पावणेचार टनांच्या वर कर्बवायू. इथे सौर पॅनेल नको, मोठी योजना नको. व्हॉल्व्ह, तोट्या, टाकीला फ्लोट आणि पाइपाचा जोड, एवढंच पुरतं. गळती कुठे आहे हे पाणी भरणाऱ्या बाईला माहीत असतं. तिला कोणी विचारत नाही, एवढीच अडचण.

वाचलेली युनिटं तुमच्या पंचायतीच्या बिलावर छापलेल्या दरानं गुणा. जो आकडा येईल तो ग्रामसभेत वाचून दाखवा. टनाचा आकडा ऐकून सभेतली माणसं गप्प बसतील, पण रुपयाचा आकडा ऐकून बोलायला लागतील.

गळती थांबली, दिवे बदलले, मग सौर ऊर्जेकडे वळायचं. एक किलोवॅटचं पॅनेल आपल्याकडच्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतं. वर्षाला साधारण १,४०० युनिट, म्हणजे सुमारे एक टन कर्बवायूची बचत. गळका पंप तसाच ठेवून त्याला सौर वीज लावली तर मोठं पॅनेल घ्यावं लागतं आणि पैसा जास्त जातो. घरावर पॅनेल बसवायला 'पीएम सूर्यघर' योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे.

कचरा आणि शेण

गावाबाहेरच्या खड्ड्यात ओला-सुका कचरा एकत्र पडतो. वरून प्लॅस्टिक, आत कुजकं. आतून मिथेन निघतो. ढीग वाढला की कोणीतरी काडी लावतं, मग प्लॅस्टिकचा विषारी धूर गावात येतो. दोन्हीकडून तोटा.

ओला कचरा वेगळा ठेवून त्याचं खत केलं की हवा खेळती राहते आणि मिथेन फारसा होत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पांढरीपांडे काकांनी काढलेली नाडेपची टाकी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. विटांच्या भिंतीत मुद्दाम ठेवलेली भोकं याच हवेसाठी असतात.

शेणाचंही तसंच. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरांचं. मिथेन हवेत जाण्याऐवजी शेगडीत जळतो, स्वयंपाक होतो आणि मागे राहिलेली स्लरी शेताला जाते. तेवढा युरिया कमी लागतो. म्हणजे एका टाकीत तीन ठिकाणचा खर्च कमी झाला. एका घरी एवढी जनावरं नसतील तर चार घरांची मिळून टाकी होऊ शकते. पण शेण कोणाचं, गॅस कोणाला, स्लरी कोणाला, हे आधी कागदावर लिहून घ्या. आपल्या गटात उधारी तोंडी चालत नाही, तसंच हे.

ज्यांनी करून पाहिलं

केरळात वायनाड जिल्ह्यात मीनंगाडी नावाची ग्रामपंचायत आहे. तिकडच्या पंचायती मोठ्या असतात. या पंचायतीत तीस हजारांवर लोक राहतात. २०१६ मध्ये त्यांनी कार्बन न्यूट्रल, म्हणजे हिशोब बरोबरीत असलेली पंचायत व्हायचं ठरवलं. पहिलं काम त्यांनी केलं ते वही उघडायचं. वीज, वाहनं, शेती, जनावरं, कचरा असं सगळं मोजलं. खर्च निघाला वर्षाला सुमारे ३३ हजार टन. झाडं आणि माती मिळून जमा निघाली सुमारे २२ हजार टन. तूट ११ हजार टनांची. हा आकडा हातात आल्यावर कुठे हात घालायचा ते कळलं.

जमा वाढवायला त्यांनी जी युक्ती काढली ती आपल्या गटांना लगेच उमजेल. त्यांनी झाड तारण ठेवायची योजना आणली. शेतकऱ्यानं झाड लावायचं, वाढवायचं आणि ते सहकारी बँकेकडे तारण ठेवायचं. झाडामागे वर्षाला ५० रुपये, असे दहा वर्षं बिनव्याजी कर्ज मिळतं. झाड उभं आहे तोवर फेडीचा तगादा नाही. तोडलं तर पैसे परत करायचे. कारण उघड आहे. मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला पैसा लागला की माणूस झाड विकतो. ती गरज भागवली तर झाड वाचतं. नुसतं 'झाडे लावा' लिहून भिंत रंगवण्यापेक्षा हे जास्त कामाचं.

आता आपल्या राज्यात या. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात मान्याचीवाडी हे शंभरेक घरांचं गाव आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. घरं, पथदिवे, पाणीपुरवठा, शाळा, पंचायत कार्यालय, सगळं सौर विजेवर. भंडारा जिल्ह्यातल्या बेला ग्रामपंचायतीला त्याच वर्षी केंद्र सरकारचा कार्बन न्यूट्रल विशेष पंचायत पुरस्कार मिळाला.

आणि ताळेबंद मांडायची रीत आपल्याला नवी नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. पाऊस किती पडला, पाणी किती मुरलं, पिण्याला किती ठेवायचं आणि उरलेल्यात कोणतं पीक घ्यायचं, हे गावानं मिळून ठरतं. पाण्याचा हिशोब गावाला जमतो, तर विजेचा आणि धुराचाही जमेल.

जमीन कोणाची, मजुरी कोणाची?

आता जरा अडचणीचं बोलू. चांगल्या कामातही कोणाच्या तरी पदरात ओझं पडतं. ते कोणाच्या पदरात पडतंय हे बघायला हवं.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये शेतीच्या फीडरसाठी सौर प्रकल्प उभे राहतात. त्यामुळे शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन पाणी द्यायला जाणं, साप-विंचवाची भीती, हे टळतं. ज्या गावात प्रकल्प होतो त्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं अनुदानही आहे. हे सगळं चांगलंच. पण बऱ्याच ठिकाणी प्रकल्पाला सरकारी जमीन लागते, म्हणजे गायरान. आणि गायरानावर शेळ्या कोणाच्या चरतात? सरपण, गवत कोण आणतं? ज्यांना स्वतःची जमीन नाही त्या घरच्या बायका. कुंपण पडलं की त्यांची वाट बंद होते.

म्हणून विरोध करायचा असं आम्ही म्हणत नाही. विचारायचं. किती एकर जाणार? चराईला कोणता तुकडा राहणार? शेळीवाल्या बायकांना चाऱ्याची सोय काय? पंचायतीला येणाऱ्या ५ लाखांतून चारा लागवड होईल का? हे प्रश्न ठराव होण्याआधी विचारायचे. कुंपण पडल्यावर नाही.

दुसरं मजुरीचं. झाडं लावायला फोटोपुरते सगळे येतात, एप्रिलमध्ये पाणी घालायला कोणी येत नाही. मग गटाच्या बायकांना सांगितलं जातं, "तुमचा गट आहे, तुम्ही बघा." कचरा वेगळा करायचं कामही असंच फुकट पदरात येतं. मैत्रिणींनो, काम करू, पण मजुरी घेऊन. झाडं लावण्याचं आणि जगवण्याचं काम रोजगार हमीतून घेता येतं. कचरा वेचणाऱ्या, खत करणाऱ्या बायकांचं मानधन आराखड्यात धरून घ्या. पथदिवे दुरुस्त करणं, सौर पॅनेल पुसणं, पाण्याचं मीटर वाचणं हे आपल्या मुली शिकू शकतात. ते काम ग्रामसंघानं पंचायतीकडून का घेऊ नये?

आणि झाडं मोजायची ती लावली तेव्हाची नाहीत, तिसऱ्या उन्हाळ्यात उभी असतील ती. कडुनिंब, चिंच, करंज, जांभूळ, वड अशी आपल्या मातीतली असतील तर जास्त जगतात.

कुठे बोलायचं, कधी बोलायचं?

हे सगळं बैठकीत बोलून उपयोग नाही. ते ग्रामपंचायत विकास आराखड्यात उतरलं तरच त्याला पैसा लागतो. 'आमचं गाव, आमचा विकास' नावानं आपण जो आराखडा ओळखतो तोच हा. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होते. 'स्वच्छ आणि हरित गाव' हा त्यातल्या नऊ विषयांपैकी एक आहे. म्हणजे आपला विषय आराखड्याच्या चौकटीतलाच आहे.

आपल्याला तिथे जायला दोन वाटा आहेत.

एक वाट ग्रामसंघाची. ग्रामसंघ दरवर्षी गावाच्या गरजांचा जो आराखडा करतो, ज्याला आपण व्हीपीआरपी म्हणतो, तो पंचायतीच्या आराखड्यात जोडायचा असतो. त्यात रस्ता, गटार, घरकुल आपण लिहितोच. यंदा पथदिवे, पाण्याची गळती, नाडेप आणि झाडांची मजुरीही लिहा.

दुसरी वाट महिला सभेची. आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती कागदावर होते. आपण ती खरी करायची. तिथला ठराव लिहून घ्यायचा आणि ग्रामसभेत वाचायला लावायचा. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. दहा गटांच्या बायका ठरवून गेल्या तर गणपूर्तीला वाट बघावी लागत नाही. आणि पंचायतीतल्या निम्म्या जागा आपल्या आहेत, हेही विसरू नका.

पैशाचं म्हणाल तर, २०२१ ते २०२६ या काळातल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित धरली होती. ती पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायची होती. पाइपाची गळती, पावसाचं पाणी साठवणं, कचरा आणि सांडपाणी त्यात बसत होतं. ४० टक्के अबंधित रकमेतून गावाच्या गरजेची कामं घेता येत होती, पथदिवे त्यात घालता येत होते. "निधी नाही" असं उत्तर आलं तर विचारा, बंधित किती, अबंधित किती आणि गेल्या वर्षी कशावर खर्च झाला?

या महिन्याचं काम

ऐकून सोडून देऊ नका. या महिन्याच्या बैठकीत एक पन्नास पानी वही घ्या आणि वर गावाचं नाव लिहा. मग चार कामं वाटून घ्या.

दोघी जणी पंचायतीत जाऊन पथदिव्यांचं आणि पाण्याच्या पंपाचं गेल्या बारा महिन्यांचं बिल मागा. ग्रामसेवकांना, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, सांगा की आराखड्यासाठी हवं आहे. युनिटं महिन्याप्रमाणे लिहा.

दोघी जणी संध्याकाळी आणि सकाळी गावात फेरी मारा. दिवे किती, जुने किती, बंद किती आणि सूर्य उगवल्यावरही जळत राहतात ते किती, हे लिहा.

दोघी जणी पाणी सुटायच्या वेळी तोटी नसलेले नळ आणि गळके जोड मोजा.

आणि दोघी जणी गेल्या तीन वर्षांत लावलेल्या झाडांतली उभी किती आहेत ते मोजा.

एवढ्यानं गावाच्या धुराच्या वहीची पहिली चार पानं भरतील. सगळं गाव लगेच शून्यावर येणार नाही. मीनंगाडीलाही मोजल्यावर आधी तूटच दिसली होती. पण महिला सभेत तुम्ही वही उघडून "आमच्या गावात एवढे दिवे दिवसा जळतात, एवढी युनिटं वाया जातात, एवढे रुपये जातात" असं वाचलंत, की त्याला उत्तर द्यावं लागेल. भाषणाला टाळ्या वाजवून माणसं घरी जातात. लिहिलेल्या आकड्याला मात्र ठराव लागतो.

तुमच्या गावाचे आकडे निघाले की रेडिओवर कळवा. पुढच्या भागात पंचायतीचं वीजबिल कसं वाचायचं, त्यावरचे रकाने काय सांगतात, ते ओळीनं बघू. तोवर बिल मागून ठेवा. नमस्कार.